शालनचा चांगला रिपोर्ट

शालनच्या हातून कॅन सुटला तेव्हा सकाळचे सात वाजायला थोडाच वेळ उरला होता.

मी वॉर्डच्या दारात उभी होते, म्हणून मला सगळं दिसलं. ती न्हाणीकडून व्हरांड्यातनं येत होती. हातात पाच लिटरचा तपकिरी कॅन. व्हरांड्यातल्या बाकावर तिचा नवरा उत्तम आणि चुलत सासरे चहाची वाट बघत बसलेले. थोरल्या माणसासमोरून लघवीचा डबा घेऊन बाईमाणसानं कसं जायचं? तिनं एका हातानं पदर कपाळाखाली ओढला, कॅन पदराआड धरला आणि तोंड भिंतीकडं करून भराभरा चालायला लागली. समोरचं दिसेना, पाय निऱ्यांत अडकला. ती सावरली, पण कॅन फरशीवर आडवा पडला. झाकण घट्ट लावलेलं नव्हतं. ते निघून लांब घरंगळत गेलं.

चुलत सासऱ्यांनी मान फिरवली. उत्तम उठला, दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. सासू बाहेर आली, फरशीकडं बघितलं आणि म्हणाली, "दोन दिवसांत एवढं एकच काम होतं तुला."

मी धावत जाऊन कॅन उभा केला, हलवून बघितला. चोवीस तास साठवलेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त फरशीवर गेलं होतं.

मी तेव्हा मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात आया होते. गोष्ट पंच्याऐंशी सालची. आमच्या वॉर्डात सहाच खाटा होत्या आणि त्यांवर अंथरुणाला खिळलेलं असं कुणी नसायचं. डॉक्टर हळबे मॅडम तिथं संशोधन करायच्या. ज्यांना पाळी येत नाही, दिवस राहत नाहीत, हनुवटीवर केस येतात, अशा बायकांच्या अंगात कुठला रस जास्त झालाय आणि कुठला कमी पडलाय हे त्या मोजायच्या. त्या रसांना त्या स्टिरॉइड हार्मोन म्हणायच्या. रक्तही घ्यायच्या, पण खरा भर लघवीवर. तीही एका वेळची नव्हे, पुऱ्या चोवीस तासांची. मॅडम म्हणायच्या, हे हार्मोन सकाळी वेगळे असतात आणि संध्याकाळी वेगळे, म्हणून आख्खा दिवस एका भांड्यात आला पाहिजे. सकाळी सातला पहिली लघवी टाकून द्यायची. तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सातची शेवटची धरून. कॅन बर्फाच्या पेटीत ठेवायचा. एकदा जरी बाहेर गेली किंवा सांडली, तर होतं ते ओतून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं बायकांना समजावून सांगायचं काम माझं. मला वाचता येत नव्हतं. कॅनवरचे नंबर कळायचे नाहीत, म्हणून मी प्रत्येक कॅनच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची आणि मॅडम त्यांच्या वहीत नंबराशेजारी तो रंग लिहून ठेवायच्या. दुसऱ्या वॉर्डातल्या आया मला मुतारीची मास्तरीण म्हणायच्या. मला त्याचा राग येत नव्हता. कुणी पाहुणे डॉक्टर आले की मॅडम त्यांना सांगायच्या, यंत्र परदेशातलं आहे खरं, पण हौसाबाईंच्या कॅनमध्ये जे येतं तेवढंच ते बोलतं. हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शालन जतकडच्या एका खेड्यातली. वय एकोणीस-वीस. लग्नाला तीन वर्षं झालेली, पाळी वर्षातनं एखाद-दुसऱ्या वेळी, आणि ओठावर, हनुवटीवर केस. ते ती चिमट्यानं उपटायची, त्यामुळं तिथली कातडी कायम लाल असायची. बोलताना हात आपोआप हनुवटीवर जायचा. आदल्या दिवशी मी पेटीत बर्फ भरत होते तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. घरच्यांनी अथणीकडची एक मुलगी बघून ठेवली होती. उत्तमनं हट्ट धरला, की आधी मोठ्या दवाखान्यात दाखवू. तिथला रिपोर्ट चांगला आला तर मी थांबणार, दुसरं लग्न करणार नाही. चुलत सासऱ्यांनी ते कबूल केलं, पण एकदाच, म्हणाले. वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत.

तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "मावशी, रिपोर्ट चांगला येईल न्हवं?"

मी म्हटलं, येईल की. तिनं जेवताना परत विचारलं. दिवे लावायच्या वेळी परत विचारलं. मी तिन्ही वेळा येईल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तर तो कॅन माझ्या हातात, आणि फरशीवर ओघळ व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेलेला. उत्तमनं मला हळूच विचारलं, आता काय करायचं. मी नियम सांगितला, की आज सातपासून परत सुरुवात, उद्या सकाळी सातला सुटका. त्यानं चुलत्याकडं बघितलं. चुलते पायरीकडं बघतच म्हणाले, की जनावरं शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून आलोय, साडेआठची गाडी चुकवता यायची नाही. नशिबात असेल ते होईल. चला.

उत्तम म्हणाला, "एक दिवसानं काय बिघडतं, तात्या?"

"तू थांब की मग," तात्या म्हणाले. "मी जाऊन अथणीला निरोप धाडतो."

सासू म्हणाली, हिच्या हातात साधा डबा राहत नाही, लेकरू काय राहणार. ती हे मोठ्यानं बोलली नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. शालन ओल्या लुगड्यानं तशीच उभी होती. ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "थांबा जरा. वरवरचं गेलंय. आत पुष्कळ आहे."

शालनला मी लुगडं बदलायला पाठवलं आणि कॅन घेऊन आयांच्या न्हाणीत गेले. आतून कडी घातली. खरं सांगायचं तर तोपर्यंत काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात नळ होता. पण पाणी घालून चालत नाही हे मला माहीत होतं. मागं एका बाईनं लाजेपायी कॅनमध्ये पाणी घातलं होतं आणि मॅडमनी दुसऱ्याच दिवशी ते ओळखलं होतं. तिथं एक पितळेचा तांब्या पालथा पडला होता. मी रातपाळी करून उठलेली, दोन वेळा चहा प्यालेली आणि पहाटेपासून गेलेली नव्हते.

मी चार लेकरांची आई. चारही घरातच झालेली, धडधाकट. दर महिन्याला घड्याळ लावल्यासारखी पाळी, तीही अजून चालू. मी मनात म्हटलं, पाणी घातलं तर ती लबाडी. हे तर बाईचंच आहे. आणि तेही चांगल्या बाईचं. त्या पोरीचं काही कमी असलं तर भरूनच निघेल.

मी तांब्या कॅनमध्ये रिकामा केला, झाकण घट्ट लावलं. बाहेर येऊन शालनला सातची शेवटची त्यातच करायला सांगितली. तिनं कॅन हातात घेऊन वजन बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "एवढं उरलं व्हतं?" म्हणाली. मी म्हटलं, होतं, घाबरू नको.

मॅडम साडेसातला आल्या. उंच काचेच्या नळकांड्यात ओतून माप बघितलं, वहीत लिहिलं. मग नेहमीप्रमाणं मला विचारलं, पुरी आहे? मी म्हटलं, पुरी आहे. साडेआठची गाडी त्यांना मिळाली. जाताना शालननं माझ्या पाटीत दोन कणसं ठेवली.

तीन आठवड्यांनी उत्तम आणि शालन दोघंच रिपोर्टला आले. मॅडमच्या यंत्रातून लांब कागद निघायचा आणि त्यावर डोंगरांसारख्या रेघा असायच्या. एकेक डोंगर म्हणजे एकेक हार्मोन, हे मला बघून बघून कळलं होतं. अक्षर येत नसलं तरी डोंगर उंच की बुटका हे कुणालाही दिसतं. शालनच्या कागदावरचे डोंगर बेताचेच होते. मॅडम तो कागद बघत होत्या, मग शालनच्या हनुवटीकडं बघत होत्या, आणि परत कागद. कपाळाला आठी. मला ती आठी दिसली, पण मी तिचा अर्थ काय लावायचा? मॅडमना त्या दिवसांत झोप कमी मिळायची.

त्या म्हणाल्या, आकडे हद्दीत आहेत. एक जरा वरच्या बाजूला आहे, पण हद्दीतच. गोळी द्यावी असं यात काही नाही. सहा महिन्यांनी परत एकदा बघू.

उत्तमनं विचारलं, "म्हंजे रिपोर्ट चांगला आला?"

"नॉर्मल आला," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे चांगला," उत्तम शालनला म्हणाला, आणि मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. शालननं बाहेर येऊन माझे पाय धरले. मी वॉर्डच्या चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर तिच्या तोंडात घातली आणि म्हटलं, आता पेढे घेऊनच ये. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या हातानं झालं." ते दोघं गेटपर्यंत बरोबरीनं चालत गेले. एरवी ती त्याच्या चार पावलं मागून चालायची.

त्याच महिन्यात रेहाना नावाची एक मुलगी आमच्याकडं आली होती. मिरजेतलीच, तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. सगळं शालनसारखंच, पाळी नाही, हनुवटीवर केस. तिच्या कागदावर मात्र एक डोंगर असा उंच गेला होता, की कागदाची कड गाठली होती. मला फार वाईट वाटलं. मी तिला दोन दिवस जास्तीच गोड बोलले. मॅडमनी तिला गोळ्या लिहून दिल्या आणि रोज न चुकता घ्यायला सांगितल्या. मी मनात म्हटलं, हिला आता जन्मभर गोळ्या.

सहा महिने झाले, आठ झाले. शालन आली नाही. मी समजले, दिवस राहिले असतील, कशाला येतेय.

सव्वा वर्षानं एका दुपारी रेहाना आली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी. हनुवटी साफ, चेहरा भरलेला. मी तिला ओळखलंच नाही. तिनं मुलगी माझ्या हातात दिली आणि मॅडमच्या खोलीत गेली. ती बाहेर आल्यावर मी मुलगी परत देऊन आत गेले. मॅडम खुशीत होत्या. मी विचारलं, की रेहानाचा रिपोर्ट तर खराब होता, मग हे कसं?

मॅडम हसल्या. त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं आणि वहीच्या मागच्या पानावर दोन मूत्रपिंडं काढली, घेवड्याच्या बियांसारखी. दोन्हींवर एकेक टोपी. म्हणाल्या, या टोप्या म्हणजे ग्रंथी. काही मुलींच्या या ग्रंथींत जन्मापासून एक कसर असते. एक रस नीट तयार होत नाही आणि त्याच्याऐवजी पुरुषी रस वाढतो. त्यानंच केस येतात, पाळी थांबते. हे लघवीत दिसतं. दिसलं की छोटीशी गोळी द्यायची, ग्रंथी गप्प बसते, सगळं सुरळीत होतं.

"म्हणजे डोंगर उंच आला ते बरं झालं?" मी विचारलं.

"बरंच झालं की. रोग सापडला. सापडला म्हणून गोळी देता आली. सापडला नसता तर मी काय देणार होते तिला?"

मी उठले. दारापर्यंत गेले. मग परत येऊन विचारलं, "आणि शालनला?"

त्यांना नाव लगेच आठवलं. म्हणाल्या, ती मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. लक्षणं सगळी हीच, आणि आकडे असे मधेच लोंबकळणारे. मी यंत्र दोनदा तपासून घेतलं. शेवटी म्हटलं, आपलाच अंदाज चुकला असेल.

मी दार लावून घेतलं. तांब्याची गोष्ट सांगायला मला फार शब्द लागले नाहीत.  मी संपवल्यावर त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, ते पान शोधलं आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. तसं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या म्हणाल्या, "हौसाबाई, सव्वा वर्षं मी तुमची लघवी घेऊन विचार करतेय."

मी खाली बघितलं.

"का केलंत?"

"रिपोर्ट चांगला यावा म्हणून."

त्यांनी पेन उघडलं. मग म्हणाल्या, एवढी वर्षं तुम्ही बायकांना कॅन देताय, आणि आपण त्यात काय शोधतोय हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. आज सांगितलं. तेही दुसरीचं बाळ बघून तुम्ही विचारलं म्हणून. त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. पत्र लिहू का, असं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच नको म्हणाल्या. पत्र तिथं कुणीतरी दुसराच वाचून दाखवणार. तुम्हीच जा आणि तिला घेऊन या.

वहीतल्या पत्त्यावर मी गेले तर घराला तोरण सुकलेलं होतं. उत्तमचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. ओट्यावर बसलेल्या शेजारणीनं सगळं सांगितलं. तो तीन महिने थांबला होता. मग घरचे म्हणायला लागले, दवाखाना म्हणतो हिच्यात काही नाही आणि तरी मूल नाही, म्हणजे हे देवाकडूनच आहे, याला औषध नाही. पंचांसमोर काडीमोडाचा कागद झाला. शालन कवठे महांकाळकडं भावाच्या घरी होती.

मी तिथं पोचले तेव्हा दुपार कलत होती. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. भावजय आत भाकरी थापत होती. शालननं मला बघितलं आणि उठून उभी राहिली, चेहरा उजळला. तिच्या हनुवटीवर आता चिमट्याच्या खुणा नव्हत्या. ब्लेडच्या पात्यानं साफ केलेली असावी. तिनं मला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि आत हाक मारून भावजयीला सांगितलं, "वहिनी, दवाखान्यातल्या मावशी आल्यात. त्यांना इचारा, रिपोर्ट काय आला व्हता ते."

मग मला म्हणाली, की इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय. मोठ्या दवाखान्यानं लिहून दिलंय, माझ्यात काही खोट नाही. म्हणून दादा मला इथं मानानं ठेवतो. पंचांतही त्यानं तोच कागद पुढं केला होता. कुणी टाकलेली म्हटलं, तर मी म्हणते, दवाखान्यात जाऊन इचारा. "एवढ्यावरच हुबी हाय मी, मावशी."

मी गूळपाणी खाली ठेवलं. परत जावं असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू? तो विचार चांगला मिनिटभर माझ्याजवळ बसून होता. तिला काही न सांगता उठले असते, तर ती त्या कागदावर तशीच उभी राहिली असती, आणि मीही तिची मावशीच राहिले असते.

हाक ऐकून भावजय दारात आली होती. ती परत आत जायची मी वाट बघितली आणि सांगितलं. आधी गोळीचं सांगितलं, रेहानाचं सांगितलं, आणि शेवटी तांब्याचं.

शालन शेंगा फोडत राहिली. बऱ्याच फोडल्या. दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं. मग विचारलं, "केवढा तांब्या?"

मी हातानं दाखवला.

"आनि कॅनमधी माझं किती व्हतं?"

मी म्हटलं, निम्मं असेल, कमीच.

"म्हंजे तो रिपोर्ट माझा न्हवताच."

"नाही."

तिनं सूप उचललं, पाखडायला लागली. टरफलं वाऱ्यावर माझ्या अंगावर आली, ती मी झटकली नाहीत. थोड्या वेळानं ती म्हणाली, की साडेआठची गाडी चुकली असती तर बरं झालं असतं. हे ती मला म्हणत नव्हती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "वहिनीला यातलं काय बोलू नका. मी येते तिकडं. माझी मी येते."

आठ दिवसांनी ती एकटीच आली. मी कॅन पुढं केला, तर तो तिनं हातात घेतला आणि मुठीची चिंधी सोडून टाकली. "वळखायला नगं," म्हणाली, "हा माझ्याजवळच ऱ्हाणार हाय." चोवीस तास तिनं कॅन नजरेआड होऊ दिला नाही. बर्फ मी नेऊन दिला, तो पेटीत तिनं स्वतः भरला. जेवताना पेटी दोन पायांत धरून बसली. व्हरांड्यात पुरुष बसलेले असायचे. ती डोक्यावर पदर न घेता, कॅन समोर धरून, त्यांच्या पुढून चालत जायची. दुसऱ्या दिवशी सातला तिनं तो नेऊन मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी सवयीनं विचारलं, पुरी आहे? तिनं मान हलवली. मी मागं उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

कागद आला. रेहानापेक्षाही उंच डोंगर होता. मॅडमनी तो शालनपुढं धरला आणि बोटानं दाखवून सगळं समजावलं, मला सांगितलं होतं तसंच, त्या घेवड्याच्या बियांसकट. त्या दिवसापासून त्या प्रत्येक बाईला हे आधी समजावायच्या आणि मगच कॅन द्यायच्या. शालननं विचारलं, हे पहिल्याच वेळी दिसलं असतं का. मॅडम म्हणाल्या, हो, दिसलं असतं. चूक आमच्याकडून झाली. आमच्याकडून, असं म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी ती न्यायला यायची. मला बाई म्हणायची आता, परक्या माणसाला म्हणतात तसं. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. मीही फार विचारत नव्हते. त्याच काळात दवाखान्यामागच्या शेडमध्ये आमच्यासाठी अक्षरांचा वर्ग निघाला, तिथं मी नाव घातलं. चाळिशी उलटलेली, हातात पेन्सिल ठरत नव्हती. तरी रोज जात राहिले.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मी व्हरांड्याच्या बाकावर बसले होते. शालन आली. मॅडमच्या खोलीला कुलूप होतं, त्या पुण्याला गेल्या होत्या. तिनं कुलूप बघितलं, थोडा वेळ तिथंच घुटमळली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात हनुवटीवर गेला नाही. हनुवटीवर काही नव्हतंच.

"पाळी आली," ती म्हणाली. "परवा. पाळी आनायचं येगळं औषध न्हाई, काय न्हाई, आपसूक. गेल्या महिन्यातबी आली व्हती. दोन वेळा आल्याबिगर सांगायचं न्हाई, असं ठरवलं व्हतं."

मी बाकावरची पाटी खाली ठेवली.

"मॅडम न्हाईत, म्हणून तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "ज्याला सांगायचं, त्याच्या घरी रविवारी बारसं झालं. मुलगा हाय."

मी सरकून तिला जागा केली. ती बसली नाही. गोळ्यांची रिकामी बाटली माझ्या शेजारी बाकावर ठेवली, मॅडम आल्या की नवी मागून ठेवा, मी पुढच्या बुधवारी येते, असं म्हणाली आणि गेटकडं चालायला लागली.